रक्त, कातडी आणि बोकडाचे पाय : आमच्या प्रयोगशाळेला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या दिवशी, आमच्या प्रयोगशाळेची दारं सगळ्यांसाठी उघडी असतात. गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे अशा ठिकठिकाणांहून शाळांच्या बसगाड्या येतात. मुलांबरोबर शिक्षक येतात, पालक येतात आणि एखादी आजीही येते. अकरा वर्षं मी याच टेबलाशी उभी आहे आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं देऊन घसा बसला की घरी जाऊन काढा प्यावा लागतो. म्हणून यंदा लिहूनच टाकलं.

तुम्ही इथं नेमकं काय करता?

रक्तातल्या पेशी आणि शरीराला बांधून ठेवणारी प्रथिनं यांची गाठ पडली की काय होतं, ते बघतो.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं. ते फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. अस्तराच्या एका बाजूला रक्त वाहत असतं, दुसऱ्या बाजूला कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. अस्तर शाबूत आहे तोवर या दोघांची भेट होत नाही. विळीवर बोट कापलं की होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर फुटला, तरीही होते. पहिल्या वेळी त्या भेटीनं जीव वाचतो, दुसऱ्या वेळी जिवावर बेततं, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे घडतं तेच. पहिल्या पाच मिनिटांतलं हे घडणं समजून घेण्यात आमची वर्षं चालली आहेत.

शाळेच्या पुस्तकात रक्तालाही संयोजी ऊतीच म्हटलेलं असतं. मुलं ते पाठ करतात, पण पटत कुणालाच नाही. वाहणारं रक्त आणि दगडासारखं हाड एकाच वर्गात कसं? पण गर्भात दोघांचा उगम एकाच थरातून होतो. एकाच घराण्यातले भाऊबंद समजा, मधे भिंत घालून राहणारे.

संयोजी ऊती म्हणजे काय, सोप्या शब्दांत?

मटण साफ केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मांसावरून सोलून काढायचा पांढरा पातळ पापुद्रा, नळीच्या टोकाशी चिवट पांढरी पट्टी (कंडरा), सांध्यातलं कुरकुरीत हाड (कूर्चा), कातडीच्या आतला जाड थर, आणि हाड स्वतः. या सगळ्या संयोजी ऊती.

स्नायूत किंवा यकृतात पेशी एकमेकींना खेटून असतात. इथं तसं नसतं. पेशी मोजक्या आणि लांब लांब, मधली सगळी जागा त्यांनीच विणून बाहेर सोडलेल्या मालानं भरलेली. तो माल म्हणजे प्रामुख्यानं प्रथिनं. त्यात कोलॅजन सगळ्यांत जास्त. सस्तन प्राण्याच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजनचा असतो. त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत. पहिला प्रकार हाडात, कातडीत आणि कंडरेत, दुसरा कूर्चेत, तिसरा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, आणि चौथा त्या अस्तराखालच्या चटईत. बाकीचे चोवीस परीक्षेपुरते.

कोलॅजन ताण सोसतं, इलॅस्टिन ताणून परत जागेवर येतं. हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि आवळते ती इलॅस्टिनच्या जोरावर. ते बहुतेक सगळं लहानपणीच तयार होतं आणि माणसाला जन्मभर पुरवावं लागतं. फिब्रिलिन हे इलॅस्टिनचं ताटीसारखं आधाराचं प्रथिन. त्याच्या जनुकात दोष असला की मार्फान सिंड्रोम होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. अशी माणसं उंच, हातापायांची बोटं लांबसडक, आणि महाधमनी फुगत जाण्याचा धोका. त्यामुळे वर्गातल्या उंच मुलाला लगेच संशयानं बघू नका. गेल्या वर्षी एका मास्तरांनी तेच केलं आणि पोरगा रडकुंडीला आला.

कोलॅजन एवढं मजबूत कसं?

काथ्याचा दोर वळताना पाहिला आहे का? आधी बारीक पेड एका दिशेला पिळतात, मग तीन पेड एकत्र घेऊन उलट दिशेला पिळतात. ओढलं की पेड सुटण्याऐवजी एकमेकांना आवळतात. कोलॅजनची हीच रचना. प्रत्येक साखळीचा पीळ डावा, तिन्हींचा मिळून उजवा. हा दोर ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. तिन्ही साखळ्या इतक्या घट्ट बसतात की आतल्या बाजूला फक्त सगळ्यांत लहान अमिनो आम्लच मावतं. ते ग्लायसिन. म्हणून साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हवंच. हजारभर दुव्यांत एका ठिकाणी ग्लायसिनऐवजी दुसरं काही बसलं, तर मूल काचेसारखी हाडं घेऊन जन्माला येऊ शकतं.

ही तीनपदरी रचना भारतात सुचली. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये ती मांडली. क्ष-किरणांच्या प्रयोगासाठी त्यांना चांगलं कोलॅजन हवं होतं. ते मिळालं शेजारच्या चर्म संशोधन संस्थेतून, आणि होतं कांगारूच्या शेपटीच्या कंडरेचं! मद्रासमध्ये बसून कांगारूची शेपूट. मुलांना बाकी काही आठवलं नाही तरी हे घरी जाऊन सांगतात.

व्हिटॅमिन सी आणि कोलॅजनचा काय संबंध?

या प्रश्नाचं उत्तर मी अंजदीव बेटापासून सुरू करते. बेट कारवारच्या समोर दिसतं, पण मोडतं गोव्यात. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतहून परत जाताना तिथं थांबला आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे निघाला. येताना मोसमी वारा पाठीशी होता, त्यामुळे अरबी समुद्र महिन्याच्या आत पार झाला होता. परतताना वाऱ्यानं साथ दिली नाही. कधी समोरून वारा, कधी वाराच नाही. मालिंदीला पोचायला ७ जानेवारी उजाडली. तीन महिन्यांहून दोन दिवस जास्त. एवढ्या काळात ताजं फळ किंवा भाजी काही नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंगावर सूज पसरली. तीसेक माणसं त्या वाटेवर गेली. जे उरले त्यांतले गलबतामागे सात-आठच काम करण्याजोगे होते. मालिंदीला लागताच गामानं आजाऱ्यांसाठी पहिल्यांदा माणूस पाठवला तो संत्री आणायला. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गुण ठाऊक होता.

कारण असं. कोलॅजनची साखळी तयार झाल्यावर तिच्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर एक ऑक्सिजनची खूण डकवावी लागते. तसं झालं की त्याला हायड्रॉक्सिप्रोलिन म्हणतात. ती खूण नसली तर तिन्ही पेड अंगाच्या उबेतच सुटतात. हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, आणि ते लोह गंजून निकामी होऊ नये म्हणून व्हिटॅमिन सी लागतं. सी संपलं की नवं कोलॅजन पिळाविना राहतं. मग सगळ्यांत आधी बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, हिरड्यांतून रक्त येतं. स्कर्व्हीत वर्षांपूर्वी भरलेल्या जखमांचे वणही उघडल्याची वर्णनं आहेत. म्हणजे जुना वण नुसता पडून राहिलेला नसतो, शरीर त्याची डागडुजी रोज करत असतं.

शेळीला आणि उंदराला स्कर्व्ही होत नाही, कारण त्यांचं यकृत व्हिटॅमिन सी घरीच बनवतं. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांच्यातलं ते जनुक केव्हाचं मोडलं आहे. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या दोघा शास्त्रज्ञांना हे नशिबानं सापडलं. त्यांनी प्रयोगाला गिनीपिग घेतले म्हणून आजार दिसला. उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं. कुठला प्राणी निवडायचा यावर आख्खं उत्तर बदलतं, ते असं.

एक आजी विचारत होत्या, पेराड चालेल का? पेरूत सी भरपूर असतं हे खरं. पण तासभर साखरेत घोटल्यावर त्यातलं किती उरणार? आजी, तुम्ही पेरू कच्चाच खा आणि पेराड चवीसाठी.

म्हाताऱ्या बोकडाचं मटण शिजत का नाही?

हा प्रश्न विज्ञानाच्या नावाखाली नेहमी बाबालोकच विचारतात. वय वाढतं तसे कोलॅजनच्या दोरांमध्ये आडवे टाके पडत जातात आणि ते टाके पक्के होतात. कोवळ्या बोकडाचं कोलॅजन थोड्या उष्णतेनं पीळ सोडतं आणि त्याचं जिलेटिन होतं. तेच पायाच्या रश्शात ओठांना चिकटतं. जुन्या बोकडाचं सोडत नाही. कच्च्या पपईचा लगदा लावला तर त्यातलं विकर प्रथिनांचे तुकडे करतं, तेवढी मदत होते. बाकी कुकरच्या शिट्ट्या.

प्रयोगासाठी कोलॅजन कुठून आणता?

उंदराच्या शेपटीतून. विचित्र वाटेल, पण जगभर हाच रिवाज आहे. दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरून झालेल्या प्राण्यांच्या शेपट्या आम्ही मागून घेतो, शेपटीसाठी म्हणून प्राणी मारत नाही. कातडी सोलून चिमट्यानं ओढलं की आतून पांढरे, रेशमासारखे चमकणारे धागे निघतात. हेच कंडरेचं जवळजवळ शुद्ध पहिल्या प्रकारचं कोलॅजन. ते पातळ ॲसेटिक आम्लात, चार अंशांच्या थंडीत, दिवसभर ढवळत ठेवायचं. धागे फुगतात, पारदर्शक होतात आणि विरघळतात. त्या दिवशी सगळ्या खोलीला व्हिनेगरचा वास असतो. आमचा मदतनीस म्हणतो, आता शाकुती घालायची बाकी आहे.

मग येतो मुलांचा आवडता भाग. बर्फात ठेवलेल्या द्रावणात पेशींचं पोषक द्रव्य घातलं की रंग पिवळा दिसतो, कारण ते अजून आम्लच असतं. थेंबाथेंबानं कॉस्टिक सोडा घालायचा. पिवळ्याचं नारिंगी, नारिंगीचं फिकट लाल. इथं थांबायचं. एक थेंब जास्त झाला की जांभळं होतं आणि माल वाया. लाल झालं की ३७ अंशांच्या पेटीत ठेवायचं आणि अर्ध्या तासात घट्ट जेली तयार. स्वयंपाकघरातली जेली फ्रिजमध्ये घट्ट होते आणि उन्हात वितळते. हिचं उलट, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. कारण फ्रिजवाली जेली म्हणजे पीळ सुटलेलं कोलॅजन, आणि ही पीळ शाबूत असलेलं.

प्लेटलेट कोलॅजनला भेटते तेव्हा काय दिसतं?

सुईनं रक्त काढताना नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट घालतो. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. मग सावकाश फिरवायचं. तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर राहतो गढूळ पिवळसर द्रव, पेजेच्या निवळीसारखा. त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे पेशीचे बारीक तुकडे, तरंगत असतात. नळी उजेडासमोर धरून हलकेच हलवली की आत धुरासारख्या चमकत्या लाटा फिरतात. प्लेटलेट बशीसारख्या चपट्या असल्या तरच ही चमक दिसते. चिडून त्या गोल झाल्या की दिसत नाही. चांगला नमुना मी यंत्राआधी डोळ्यांनी ओळखते. आणि हो, ही नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते. थंडीत प्लेटलेट चिडतात. रक्तपेढीतही प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवतात.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये ते मांडलं. भौतिकशास्त्रातले मॅक्स बॉर्न ते यांचे वडील. गढूळ द्रवातून उजेड कमी जातो. प्लेटलेटचे गोळे झाले की द्रव निवळतो आणि उजेड जास्त जातो. द्रव ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा आणि कोलॅजनचे तंतू अगदी थोडे टाकायचे. हे कोलॅजन बहुधा घोड्याच्या कंडरेचं असतं. पहिला जवळजवळ मिनिटभर काहीच होत नाही, यंत्रावरची उजेडाची रेघ सरळ जाते. नवा विद्यार्थी हमखास विचारतो, मॅडम, टाकायचं राहिलं का? तेवढ्यात रेघ वळते आणि झपकन जाते. नळीत दूध फाटल्यासारख्या गाठी दिसतात.

त्या शांत मिनिटात काय चाललेलं असतं, हाच आमचा विषय. प्लेटलेटच्या अंगावर कोलॅजन ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचं नाव ग्लायकोप्रोटीन सहा. ते प्लेटलेट आणि तिला जन्म देणारी मज्जेतली पेशी, एवढ्यांवरच सापडतं. ते कोलॅजनला चिकटलं की प्लेटलेटच्या आत निरोप जातो, कॅल्शियम उसळतं, बशीला काटे फुटतात आणि ती पोटातला माल बाहेर टाकते. त्या मालानं शेजारणी जाग्या होतात. वेगानं वाहणाऱ्या रक्तात आणखी एक प्रथिन मदतीला येतं. त्याचं नाव फॉन विलेब्रांड. ते एरवी गुंडाळलेलं असतं, पण उघड्या कोलॅजनवर बसून वाहत्या रक्ताचा ओढा लागला की मासेमाराच्या गळासारखं उलगडतं आणि जाणाऱ्या प्लेटलेटना अडकवतं.

ग्लायकोप्रोटीन सहा जन्मतःच नसलेली थोडी माणसं जगात आहेत. त्यांना रक्तस्राव होतो, पण सौम्य. म्हणजे हे प्रथिन बंद पाडलं तर गुठळी टळेल आणि माणूस कापलेल्या बोटानं मरणारही नाही, अशी आशा आहे. औषधवाल्यांचा डोळा तिकडे आहे तो त्यामुळे.

तुम्ही माणसाचं रक्त सोडून प्राण्यांचं का तपासता?

दोन्ही तपासतो. प्लेटलेट ही सस्तन प्राण्यांचीच खास वस्तू आहे. कोंबडीत आणि माशात ते काम केंद्रक असलेली आख्खी पेशी करते. आपल्याकडे मज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये रक्त थांबवण्यातलं त्यांचं काम दाखवलं, तेही सस्तन प्राण्यांच्याच बारीक रक्तवाहिन्यांत.

पण सस्तन प्राणीही सगळे सारखे नसतात. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. प्रयोगशाळेतल्या लहान पांढऱ्या उंदरात दहा लाखांच्या आसपास. माणसाची तांबडी पेशी १२० दिवस जगते, त्या उंदराची ४०. उंटाच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात. आणि शेळीच्या? त्या इतक्या लहान की माणसाच्या पेशीच्या निम्म्या रुंदीच्या.

शेळीचं मला चांगलं लक्षात राहिलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत शेळीचं रक्त मी माणसासाठी लावलेल्या मोजणी यंत्रात घातलं. यंत्र आकार बघून ठरवतं, मोठी ती तांबडी, लहान ती प्लेटलेट. शेळीची तांबडी पेशी त्याला प्लेटलेटच वाटली. आकडा आला तो बघून मी धावत सरांकडे गेले. वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं! सरांनी कागदाकडे न बघताच विचारलं, शेळी का? त्यानंतर आठवडाभर चहाच्या वेळी माझं नाव शेळी होतं.

डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात तेव्हा पपईच्या पानांचा रस द्यावा का?

आम्ही डॉक्टर नाही, पण हा प्रश्न दर पावसाळ्यात दहा जण तरी विचारतात. ताप उतरल्यावर बहुतेकांच्या प्लेटलेट आपोआप वर येतात. त्या दोन-तीन दिवसांत जे काही पोटात गेलं असेल, श्रेय त्याला मिळतं. डेंग्यूतला मोठा धोका रक्तवाहिन्या झिरपण्याचा असतो, रक्तातलं पाणी बाहेर जातं आणि दाब पडतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा पोटदुखी, उलट्या, लघवी कमी होणं, रक्तस्राव यांकडे जास्त लक्ष देतात. अशी लक्षणं दिसली तर रस वाटत बसू नका, सरळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठा. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तापात स्वतःच्या मनानं घेऊ नका.

आणखी एक. जांभळ्या झाकणाच्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला कमी दिसतात. माणूस ठणठणीत आणि आकडा वीस हजार, असं झालं तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

कोलॅजनची पावडर खाऊन कातडी सुधारते का?

पोटात गेलं की तेही प्रथिनच. त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं आणि छोट्या साखळ्या रक्तात जातात. त्या सरळ गालावर जाऊन बसतात असं समजायला आधार नाही. काही अभ्यासांत थोडा फरक दिसल्याचं म्हणतात, पण त्यातले बरेच विकणाऱ्यांच्याच पैशानं झालेले आहेत. माझं मत विचाराल तर उन्हात टोपी घाला आणि विडी-सिगारेट सोडा. ऊन आणि धूर दोन्ही कातडीतलं कोलॅजन तोडणारी विकरं वाढवतात.

पांढऱ्या पेशींचा यात काय भाग?

तोडफोड आणि बांधकाम, दोन्ही. जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी वाटेतलं कोलॅजन कापत जातात. मागून येणाऱ्या पेशी राडारोडा गिळतात आणि विणकरांना हाक मारतात. हाड विरघळवणाऱ्या मोठ्या पेशीही मूळच्या रक्ताच्याच घराण्यातल्या. त्या हाडावर बसून आम्ल सोडतात आणि खालचं कोलॅजन खातात. १९९४ मध्ये तर रक्तात फिरणाऱ्या आणि स्वतः कोलॅजन विणणाऱ्या पेशींचं वर्णन झालं. म्हणजे मधली भिंत वाटते तेवढी पक्की नाही.

कोलॅजन किती आहे ते कसं मोजता?

हायड्रॉक्सिप्रोलिन मोजून. ते कोलॅजन सोडून फारशा प्रथिनांत नसतं. ऊतीचा तुकडा तीव्र आम्लात ११० अंशांवर रात्रभर शिजवायचा, मग रसायनं घालून लाल रंग आणायचा आणि रंगाची गडदता मोजायची. काचपट्टीवर बघायचं असेल तर सिरिअस रेड नावाचा रंग देतो. ध्रुवित प्रकाशात तंतू पिवळे-केशरी पेटल्यासारखे दिसतात. काजूच्या हंगामातल्या रात्रीच्या वणव्यासारखं दृश्य असतं ते, म्हणून तर मुलं सूक्ष्मदर्शक सोडत नाहीत.

प्राण्यांना त्रास देता का?

राग येण्याजोगा प्रश्न नाही, विचारायलाच हवा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची एक समिती असते, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती. तिच्या परवानगीशिवाय एकही उंदीर हलत नाही. किती प्राणी लागणार, का लागणार, वेदना कशी टाळणार, हे आधी लेखी द्यावं लागतं. प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, संख्या कमी होईल का, त्रास कमी होईल का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले. आजही अर्जाचा सांगाडा तोच आहे. आमचं बरंचसं काम त्यामुळे स्वयंसेवकांच्या रक्तावर आणि कसाईखान्यातून आणलेल्या शेळीच्या तुकड्यांवर चालतं.

तरीही वाईट वाटतं का? वाटतं. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी दुसरी नोकरी बघेन.

गोव्याच्या पावसाचा प्रयोगांवर परिणाम होतो का?

जून ते सप्टेंबर आमचा एकच शत्रू असतो. बुरशी. पेशी वाढवायच्या पेटीत ३७ अंशांची ऊब आणि भरपूर ओल लागतेच, बाहेरही तीच हवा. एका जुलैत सात आठवडे सांभाळलेल्या पेशी गेल्या. सकाळी पेटी उघडली तर प्रत्येक थाळीत मध्यभागी कापसाचा छोटा पांढरा गोंडा. रात्री वीज गेली होती, जनित्र सुरू व्हायला उशीर झाला, आणि मधल्या वेळात कुणीतरी आत सगळं ठीक आहे ना म्हणून दार उघडून बघितलं होतं. काळजीपोटीच, पण दार उघडलं. तेव्हापासून दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे : विचारून उघडा.

ओल कोलॅजनला काय करते ते बघायला प्रयोगशाळेत यायची गरज नाही. घुमट, म्हणजे आमचं कातडं लावलेल्या मडक्याचं वाद्य, वाजवणाऱ्याला विचारा. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत, आता शेळीचं लावतात. पावसात ते सैल पडतं आणि आवाज बसतो. मग आरतीआधी शेकायला लागतं. कोलॅजनचे तंतू पाणी धरतात आणि फुगतात, पाणी गेलं की आवळतात. गणपतीत आमच्या डिचोलीच्या घरी काका घुमट उन्हात धरून बसलेले असतात. त्यांना मी एकदा हे तंतू-पाणी समजावलं. ते म्हणाले, ते ठीक, पण ऊन गेलं बघ.

या क्षेत्रात यायला काय शिकावं?

बारावीला विज्ञान, मग प्राणिशास्त्र, जैवरसायन किंवा बायोटेक. डॉक्टरकीसाठीची ‘नीट’ परीक्षा लागत नाही. गोवा विद्यापीठात एमएस्सी होते, झुआरीनगरला बिट्स आहे, औषधनिर्माणशास्त्राच्या वाटेनंही येता येतं. गुणांपेक्षा एकच गोष्ट बघा : तोच प्रयोग नवव्यांदा करायची तयारी आहे का.

मला प्रयोगासाठी रक्त द्यायचं आहे. काय पथ्य?

वय अठरा पूर्ण हवं. संमतीपत्र वाचून सही करावी लागते, आणि मधेच नको वाटलं तर कारण न देता उठून जाता येतं. आधीचे दहा दिवस ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळी घेतलेली नसावी. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिननं बंद पाडलेलं विकर तिला नव्यानं बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच लुळी राहते. डोकेदुखीची गोळी घेतलीत आणि विसरलात तर आमची रेघ दिवसभर सरळच जाते आणि आम्ही यंत्राला शिव्या घालत बसतो.

सकाळी चहा चालेल, पण तेलकट नको. यंत्र उजेड मोजतं आणि जेवणातली चरबी रक्तात उतरली की निवळी दुधाळ होते. मागच्या खेपेला एक सद्गृहस्थ वाटेत भाजी-पाव आणि वर दोन मिरची भजी खाऊन आले. विचारलं तेव्हा नाही म्हणाले. नळी फिरवून बाहेर काढली, उजेडासमोर धरली, आणि त्यांनीच मान खाली घालून सांगितलं, तीन होती.